एकशे दोन कळा

आधी वजन बघायचं.
दोन किलोंच्या वर भरला तर हात आपोआप सावध होतो.
मग पालथा करायचा, तान्ह्याला न्हाऊ घालताना करतात तसा,
आणि तळाचं लेबल वाचायचं :
कारखाना ग्रीनॉक, तारीख नऊ मार्च सत्त्याऐंशी.
लेबल खरवडलेलं असलं तर विकणारा
हटकून दुसरीकडे बघत असतो.

मग एक कळ उपटायची, तारेच्या चिमट्यानं, सरळ वर.
खाली निळा दांडा निघाला तर जपानी, आणि माझा आवाज जरा चढतो.
पांढरा असला तर भाव करावा.
रबराची मऊ टोपी दिसली की
'बघतो' म्हणून पुढच्या टेबलाकडे सरकावं.
आणि नुसतीच स्प्रिंग असली, उभी, किंचित कलती,
विहिरीत डोकावणाऱ्या पोरासारखी,
तर तो घरी येतो.

घरात असे एकेचाळीस आहेत.
आयल्सा गेली तेव्हा सदतीस होते.

हा बेचाळिसावा,
पोर्ट ग्लासगोच्या एका बंद पडलेल्या
जहाज-दलालाच्या कचेरीतला.
फटींत बिस्किटांचा भुगा, पापणीचा एक केस,
स्पेसबारवर उजवीकडे अंगठ्याएवढी चकाकी :
कुणीतरी वीस वर्षं तिथंच दाबून
शब्दापासून शब्द सुटा केला.
उघडला तर प्लास्टिकचे रिव्हेट
खिसा उलटा करावा तसे टेबलभर,
आणि आतल्या पत्र्यावर, शिसपेन्सिलीनं :
सेंगा.

ॲग्नेसची अक्षरं मागून वाचली की सेंगा होते,
आणि आमच्या नदीकाठी अशा उलट्या ॲग्नेस ढिगानं.
तीन चुकीच्या निघाल्या. त्यांतल्या दोघींनी चहा दिला.
चौथी, सेंगा मकिल्वेन, चढावरच्या घरात,
अठ्ठ्याहत्तर वर्षांची, दारातच म्हणाली,
मोठ्यानं बोल, कान गेलेत.

खिशातला रेकॉर्डर एकदम जड झाला.
मी इतका चढ चढलो होतो तो आवाजासाठीच.

तिनं तो मेणकापडावर ठेवून घेतला.
वायर नव्हती, कशाला जोडलेलाही नव्हता.
डाव्या कोपऱ्यातून सुरुवात केली. एकेक कळ, एकदाच,
ओळ संपली की खालची ओळ,
वाटाणे सोलावेत तशी, न बघता.
अकरा वर्षं, म्हणाली, दिवसाला दोनशे,
पेटी बंद व्हायच्या आधी.
आणि शब्द म्हणशील तर एकही लिहिला नाही.
ओळीनं सगळ्याच दाबल्या
की कशाचाच शब्द होत नाही.

मग यावर नाव का लिहिलंत, विचारलं.
तिला ऐकू आलं नाही.
किंवा आलं.

'एच'पाशी बोट थांबलं.
पुन्हा दाबलं. सोडलं. पुन्हा.
ही माझी नाही, म्हणाली.
स्प्रिंग बदललीय कुणीतरी.

मीच बदलली होती, गेल्या गुरुवारी,
सुट्या भागांच्या डब्यातली, दुसऱ्या वर्षाची.
शंभर वेळा वाजवून, कान लावून,
शेजारच्या 'जी'शी ताडून बघितली होती
आणि स्वतःशी म्हटलं होतं :
कुणाला कळणार?

तिनं रागावून बघितलं नाही.
माझ्या हातांकडे तेवढं बघितलं,
नव्या पोरीच्या हातांकडे पहिल्या दिवशी बघत असेल तसं,
आणि 'जे'वर गेली.

बाहेर फर्थवरून एक फेरी परतत होती.
तिला तिचा भोंगा ऐकू आला नाही, मला आला,
आणि आकड्यांच्या ओळी येईपर्यंत
आम्ही दोघं काही बोललो नाही.
शेवटची कळ. एकशे दोन.
मग दोन्ही तळव्यांनी तिनं तो
उजवीकडे ढकलला,
न थांबता, न बघता,
जिथं पट्टा असायचा तिथं.

टेबल तिथं संपत होतं.
मी धरला.